प्रतीची प्रत : चलच्चित्रे तबकडीवर उतरविण्याचा इतिहास
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या गावात गणेशोत्सवात मराठी नाटक करण्याची रीत फार जुनी आहे. १९८८ साली हौशी मंडळींनी ‘संगीत सौभद्र’ बसविले, तेव्हा कोणा उत्साही गृहस्थाने कॅमेरा आणून त्याचे चित्रण व्हीएचएस कॅसेटवर करून ठेवले. पुढे २००६ साली ती कॅसेट एका दुकानात देऊन तिची डीव्हीडी करून घेतली, आणि आता कॅसेटचे काय काम, म्हणून जुन्या सामानाबरोबर ती टाकून दिली. डीव्हीडीवर ओरखडे पडू लागले तेव्हा एका मुलाने तिची लहानशी फाइल करून सर्वांस वाटली. गेल्या उत्सवात त्या फाइलीवरून पुन्हा डीव्हीडी करून ती पडद्यावर दाखविली. सुभद्रेचे काम करणाऱ्या बाई आज हयात नाहीत. त्यांची कन्या पुढच्या रांगेत बसली होती. सुभद्रा आणि तिच्या सख्या एकत्र आल्या तेव्हा त्या मुलीने शेजारणीस हळूच विचारले, “ह्यातली आई कोणती?” सगळ्याच चेहऱ्यांच्या जागी चौकोनी ठिपक्यांचे पुंजके हलत होते.

हा प्रश्न ऐकल्यापासून मी विचार करीत आहे. दुकानदार म्हणाला होता, “दर्जा मुळीच न घटविता डीव्हीडी करून देतो.” मुलानेही तेच सांगितले. कोणीही लबाडी केली नव्हती. मग आईचा चेहरा गेला कोठे? चलच्चित्राची फाइल डीव्हीडीस मानवेल अशा रूपात आणताना काय हरवते व काय हरवत नाही, हे समजावयाचे तर डीव्हीडी कशी जन्मास आली तो इतिहास पाहावा लागतो. तोच आज थोडक्यात आपणांपुढे मांडावा असे योजिले आहे.

नकलेचा जुना रोग

नक्कल करताना मूळ बिघडते, हा अनुभव आपल्या वाङ्मयास नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या तीनशे वर्षे हाताने उतरविल्या गेल्या. प्रत्येक लेखकाने पुढ्यातील पोथी पाहून लिहिले. पण पुढ्यातील पोथीच आधीच्या नकलेची नक्कल होती. एकाची चूक दुसऱ्याने इमानाने उतरविली व स्वतःची एक त्यात घातली. अखेर शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांना पाठभेद तपासून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. नाथांपुढे निदान अनेक पोथ्या होत्या. एकच बिघडलेली पोथी उरली असती तर त्यांसही शुद्ध पाठ कोठून मिळणार?

चित्रपटाच्या फितीचा न्याय हाच होता. मूळ निगेटिव्हवरून प्रत, त्या प्रतीवरून दुसरी निगेटिव्ह, तीवरून आणखी प्रती. दर पिढीस चित्राचा कण ठसठशीत होई, सावल्या काळ्याठिक्कर पडत आणि बारकावे बुजत. पुढे चुंबकीय फीत आली. अँपेक्स कंपनीने १९५६ साली दूरचित्रवाणीसाठी चित्र मुद्रित करणारे यंत्र दाखविले. १९७५ साली सोनीची बीटामॅक्स व १९७६ साली जपानच्या व्हिक्टर कंपनीची व्हीएचएस कॅसेट घराघरांत शिरण्यास सिद्ध झाली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झाले, आणि त्यानंतरच्या दशकात लग्नमुंजींपासून नाटकांपर्यंत सर्व काही कॅसेटवर जाऊ लागले.

व्हीएचएसचे चित्र मुळातच बेताचे. आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतकाच बारकावा ती धरी. एका कॅसेटवरून दुसरी केली की रंग पसरत, कडा थरथरत. तिसऱ्या पिढीस माणूस ओळखू येणे कठीण होई. फितीवरील लोहकणांची चुंबकता ही चढउताराची गोष्ट आहे, आणि चढउताराची नक्कल हुबेहूब कधीच होत नसते. प्रत्येक नकलेत थोडी खरखर वाढते, आणि पुढची नक्कल त्या खरखरीसही मूळ चित्राचाच भाग समजते.

अंकांचे अभय आणि अंकांचा पसारा

ह्यावर उपाय म्हणजे चित्राचे अंक करणे. पाढ्यांच्या पुस्तकातील सात हा आकडा शंभर वेळा उतरविला तरी सातच राहतो. वाचता येतो आहे तोवर तो झिजत नाही. १९८२ साली दूरचित्रवाणीच्या चित्राचे अंक कसे करावेत, ह्याविषयी आंतरराष्ट्रीय सहमती झाली. युरोप आणि भारताची ६२५ रेषांची पद्धती असो की अमेरिका व जपानची ५२५ रेषांची, प्रत्येक रेषेवर ७२० चित्रबिंदू घ्यावेत असे ठरले. पुढे डीव्हीडीने जो आकार पत्करला, तो ह्याच ठरावातून आला. आपल्या पॅल पद्धतीत तो ७२० गुणिले ५७६ व सेकंदाला २५ चौकटी असा आहे. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ७२० गुणिले ४८० व सेकंदाला जवळजवळ ३० चौकटी.

आता थोडा हिशेब करू. पॅलच्या एका चौकटीत ४,१४,७२० चित्रबिंदू असतात. डोळ्यास रंगाचा बारकावा उजेडाइतका कळत नाही, म्हणून चार बिंदूंत मिळून रंगाची एकच नोंद केली तरी दर बिंदूस सरासरी दीड बाइट लागतो. म्हणजे सेकंदाला दीड कोटीहून अधिक बाइट झाले. डीव्हीडीच्या एका थरात ४७० कोटी बाइट मावतात. भागाकार केला तर चित्र पाच मिनिटांत संपते! दोन तासांच्या नाटकास अशा चोवीस तबकड्या लागतील. अर्थात् ते एका तबकडीत बसवावयाचे तर चोवीस भागांपैकी तेवीस भाग टाकून द्यावे लागणार, आणि तरीही पाहणाऱ्यास काही गेल्यासारखे वाटता कामा नये. डीव्हीडीची सारी विद्या ह्या एका अडचणीतून निघाली आहे.

बंगळूरच्या एका अभियंत्याची कल्पना

ह्या विद्येच्या मुळाशी ज्यांचे काम आहे ते नासिर अहमद १९४० साली बंगळूर येथे जन्मले. तेथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले व कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापक झाले. चित्रासारखी माहिती थोडक्या अंकांत आवळण्यासाठी कोसाइन लहरींचा उपयोग करावा, अशी कल्पना त्यांना १९७२ साली सुचली. संशोधनास साहाय्य मिळावे म्हणून त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी आहे, असा अभिप्राय एका परीक्षकाने दिल्याची आठवण अहमदांनीच पुढे लिहून ठेविली आहे. त्यांनी काम सोडले नाही. आपले शिष्य टी. नटराजन आणि टेक्सासमधील प्राध्यापक के. आर. राव ह्यांच्यासह त्यांनी १९७४ च्या जानेवारीत तो निबंध प्रसिद्ध केला. आज जगातील बहुतेक छायाचित्रे व चलच्चित्रे ज्या रीतींनी साठविली जातात, त्यांच्या गाभ्याशी ती ‘फारच सोपी’ कल्पना किंवा तिचे एखादे अपत्य आहे.

कल्पना खरोखरच सोपी आहे. तंबोऱ्याची तार छेडली की षड्जाबरोबर जाणत्या कानास गंधारही ऐकू येतो. एका नादात अनेक नाद मिसळलेले असतात. चित्राचेही तसेच. चौकटीचे आठ गुणिले आठ बिंदूंचे लहान चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनातील चौसष्ट अंकांच्या जागी दुसरे चौसष्ट अंक लिहावयाचे. पहिला अंक सबंध चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो. पुढचे अंक त्यात कोणत्या लहरी किती प्रमाणात आहेत हे सांगतात, आधी सावकाश चढउतार, मग बारीक रेघा. भिंत, आकाश, पातळाचा सपाट पदर असा भाग असेल तर पहिल्या काही अंकांतच सर्व सार येते आणि उरलेले शून्याच्या जवळ जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे परिवर्तन स्वतः काहीच हरवीत नाही. उलट क्रिया केली की मूळ अंक परत मिळतात. हानी होते ती पुढच्या पायरीस. ते चौसष्ट अंक ठरावीक भाजकांनी भागून जवळच्या पूर्णांकावर आणले जातात. वाण्याच्या हिशेबात वरचे पैसे सोडून द्यावेत, तसे. बारीक लहरींचे भाजक मोठे ठेवतात, म्हणून ते अंक बहुधा शून्य होतात, आणि शून्यांची रांग लिहावयास जागा लागत नाही. सोडून दिलेले पैसे मात्र पुन्हा मिळत नाहीत. जागा थोडी असली की भाजक आणखी मोठे होतात. मग प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेडच तेवढा उरतो. सुभद्रेच्या चेहऱ्यावर आम्ही जे चौकोन पाहिले ते हेच.

दुसऱ्यांदा आवळण्याने काय होते, तेही ह्याच हिशेबात दिसते. ३४ हा अंक एकदम दहाच्या जवळच्या पटीत आणला तर ३० होतो. पण आधी तो पाचाच्या पटीत आणला तर ३५ होतो, आणि मग त्या ३५ वरून दहाची पट काढली तर ४० येतात. दोन्ही वेळा हिशेब प्रामाणिकपणे केला, तरी उत्तर मुळापासून दूर गेले. पोथीच्या नकलेचा जुना रोग अंकांच्या युगात ह्या वाटेने परत आला आहे. अंक जसेच्या तसे उतरविण्यात हानी नाही. उलगडून पुन्हा आवळण्यात आहे.

नियम ठरले, तबकडी ठरली

अहमदांच्या कल्पनेस सर्वमान्य रूप देण्याचे काम एमपेग ह्या तज्ज्ञमंडळाने केले. इटलीचे लिओनार्दो किआरिल्योने व जपानचे हिरोशी यासुदा ह्यांच्या पुढाकाराने ते १९८८ साली सुरू झाले. त्यांचा पहिला नियमसंच, एमपेग-१, १९९३ साली प्रसिद्ध झाला व त्याच साली व्हिडिओ सीडी निघाली. आपल्याकडे हिंदी चित्रपट दोन-दोन, तीन-तीन सीडींवर मिळत, तेव्हा आत हीच रीत असे. तिचे चित्र डीव्हीडीच्या चित्राच्या अवघ्या चौथाईएवढे.

दुसरा संच, एमपेग-२, १९९४ साली संमत झाला. ह्या रीतीत सर्व चौकटी सारख्या नसतात. काही चौकटी स्वयंपूर्ण असतात. बाकीच्यांत आधीच्या वा पुढच्या चौकटीहून काय बदलले एवढेच लिहिलेले असते. नट उजवीकडे सरकला तर “तोच नट, दोन बिंदू उजवीकडे” एवढी नोंद पुरते. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे पॅल पद्धतीत दर पंधरा चौकटींच्या आत एक स्वयंपूर्ण चौकट यावीच लागते.

ह्या मंडळाचा एक निर्णय फार दूरदृष्टीचा होता. आवळलेले चित्र कसे उलगडावे, हे त्यांनी नियमाने बांधले. कसे आवळावे, हे मोकळे सोडले. त्यामुळे एकच तबकडी, तेवढीच जागा आणि तेच नाटक असूनही एका कारागिराची प्रत सुरेख व दुसऱ्याची ओबडधोबड होऊ शकते. हालचाल नीट ओळखणारी, जेथे गरज तेथे जागा देणारी आज्ञावली वापरली की त्याच मापात अधिक बारकावा राहतो.

आता तबकडी. १९९४-९५ साली जपान व युरोपात दोन तट पडले होते. एकीकडे सोनी व फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा, मात्सुशिता, टाइम वॉर्नर आदी. बीटामॅक्स आणि व्हीएचएस ह्यांच्या झगड्यात ग्राहकांचे झालेले नुकसान सर्वांच्या स्मरणात होते. आयबीएम, ॲपल, मायक्रोसॉफ्ट वगैरे संगणक कंपन्यांनी स्पष्ट सांगितले, की दोन जातींच्या तबकड्या आम्ही स्वीकारणार नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये तडजोड झाली. तोशिबाच्या बाजूची, ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या पाठीस पाठ लावून चिकटविण्याची रीत घेतली गेली. फिलिप्सचे कीस इमिंक ह्यांची, ओरखड्यांस अधिक दाद न देणारी अंकलेखनपद्धती घेतली गेली. ह्या दुसऱ्या निवडीमुळे तबकडीची धारणशक्ती ५०० कोटी बाइटांवरून ४७० कोटींवर आली. थोडी जागा गेली, पण टिकाऊपणा मिळाला. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा होता, डीव्हीडीचा ६५० चा. वळशांतील अंतर १.६ मायक्रॉनवरून ०.७४ वर आले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानात व १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डीव्हीडीची यंत्रे विक्रीस आली.

फाइलीस तबकडीच्या मापात बसविणे

ह्या इतिहासातून डीव्हीडीच्या अटी आपोआप समजतात. चित्र एमपेग-२ रीतीचे. पॅल असेल तर ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चौकटी. चित्राचा वेग सेकंदाला ९८ लाख बिटांच्या आत. ध्वनीचे नमुने सेकंदाला ४८,००० असे. आणि सर्व एकत्र गुंफून व्हीओबी नावाच्या, प्रत्येकी एक गिगाबाइटच्या आतल्या फाइलींत. ह्याबाहेरचे काही दिले तर घरचे डीव्हीडी यंत्र ते वाचीत नाही.

मग दर्जा न घटविता रूपांतर शक्य आहे काय? उत्तर फाइलीच्या कुळावर अवलंबून आहे.

फाइल मुळातच वरील मापाची एमपेग-२ असेल, उदाहरणार्थ जुन्या डीव्हीडी मुद्रकाने केलेली, तर चित्रास हात लावण्याचे कारणच नाही. अंक तसेच ठेवून नवी गुंफण करावी, हानी शून्य. अशा फाइलीसही पुष्कळजण अज्ञानाने पुन्हा आवळतात, आणि टाळता येण्याजोगे नुकसान करून घेतात.

फाइल आधुनिक मोठ्या मापाची, १९२० गुणिले १०८० ची असेल, तर तीत डीव्हीडीच्या पाचपट चित्रबिंदू असतात. येथे हानी अटळ आहे. पायलीचे धान्य अधोलीत भरणार कसे? मात्र फाइल एकदाच, थेट मुळावरून आणि जागा पुरेशी ठेवून उतरविली, तर डीव्हीडी जे उत्तमात उत्तम चित्र धरू शकते ते मिळते.

जागेचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दोन तासांच्या नाटकास एका थरात सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट येतात. ध्वनीचे वजा जाता चित्रास ५० लाख उरतात, आणि ते चांगले पुरतात. तासाभराच्या कीर्तनास नियमाची कमाल मर्यादाच जवळजवळ गाठता येते. पण अडीच तासांचे चार चित्रपट एकाच थरात कोंबले, तर प्रत्येकास जेमतेम १० लाख बिट मिळतात. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या ‘एकात चार’ तबकड्यांचे चित्र पाणी घातलेल्या दुधासारखे का दिसे, ह्याचे कारण एवढेच. काम दोन फेऱ्यांत करणारी आज्ञावली पहिल्या फेरीत सबंध चित्र पाहून कोठे नाच आहे, कोठे स्तब्ध स्वगत आहे, हे टिपते व दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे जागा वाटते. वेळ दुप्पट लागतो, तो कारणी लागतो.

गतीचा एक वेगळाच घोटाळा आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, पॅल २५ चा. बहुतेक ठिकाणी चित्रपट थोडा वेगाने पळवून हा मेळ घालतात; १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. डोळ्यास ते कळत नाही, कानास कळते. आवाज चार टक्क्यांनी चढतो, म्हणजे पेटीवर पांढरी एकपासून काळी एककडे जवळजवळ दोन तृतीयांश वाट चालून जातो. जुन्या चित्रपटांतील गाणी पेटी लावून शिकणाऱ्यांस सूर कोठेच जुळत नाही, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. उलट, अमेरिकेतील चिरंजीवांनी पूर्वी पाठविलेले नातवंडांचे चित्रण एनटीएससीचे असेल, तर ते ओढूनताणून पॅल करण्याच्या भरीस पडू नये. आपल्याकडील बहुतेक यंत्रे दोन्ही पद्धती वाचतात.

कॅसेटवरून उतरविताना आणखी एक पथ्य आहे. जुन्या दूरचित्रवाणीची प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत, एकाआड एक रेषांनी रंगविली जाई. कोणता हप्ता आधी, हे उलटे नोंदले गेले तर हलणारा हात मागेपुढे थरथरतो. हप्ते एकत्र करून टाकले तर हालचालीचा अर्धा ओघ जातो. डीव्हीडीस हे हप्ते जसेच्या तसे चालतात. म्हणून ते जसेच्या तसेच द्यावेत.

हे सर्व करण्याची साधने आज फुकट मिळतात. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार ह्यांनी २००० साली सुरू केलेली एफएफएमपेग ही आज्ञावली त्यांतली अग्रगण्य. कोणत्याही रूपाची फाइल ती डीव्हीडीच्या मापात आणून देते. परंतु मुळात नसलेला चेहरा कोणतीही आज्ञावली परत आणू शकत नाही. भ्रमणध्वनीवरून एकमेकांस पाठविलेल्या चित्रफिती तर बहुधा वाटेतच पुन्हा आवळल्या जातात. त्यांवरून डीव्हीडी करणे म्हणजे चहाच्या चोथ्यावर पुन्हा आधण ओतणे होय.

मूळ जपावे

डीव्हीडीचाही काळ आता उतरणीस लागला आहे. एमपेग-२ वरील अमेरिकेतील अखेरची एकस्वे २०१८ साली संपली. टपालाने डीव्हीडी भाड्याने देऊन मोठी झालेली नेटफ्लिक्स कंपनी. तिनेही तो व्यवहार २०२३ च्या सप्टेंबरात बंद केला. घरी लिहिलेल्या तबकडीत अंक रंगद्रव्याच्या थरावर लेसरने उमटविलेले असतात, आणि ऊन व दमटपणा त्या थराचे वैरी आहेत. तेव्हा डीव्हीडी केली म्हणजे जतन झाले, असे मानता येत नाही.

मोठमोठ्या संस्थांनाही मूळ गमावल्याचे दुःख भोगावे लागले आहे. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर आपले कितीतरी मूकपट नष्ट झाले होते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’चीही थोडीच रिळे हाती लागली. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच आग लागून जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. ह्याच्या उलट एक उदाहरण सांगतो. सत्यजित राय ह्यांच्या ‘पथेर पांचाली’ व तिच्या पुढील दोन चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमध्ये आगीत सापडल्या. त्या निरुपयोगी ठरल्या, तरी अमेरिकेच्या चित्रपट अकादमीच्या संग्रहाने ते अर्धवट जळलेले अवशेष टाकून न देता ठेवले. वीस वर्षांनी इटलीतील बोलोन्या येथील कारागिरांनी ती फीत हाताने दुरुस्त केली. पहिल्या दोन चित्रपटांचा लक्षणीय भाग त्या जळक्या मुळावरूनच सिद्ध झाला व २०१५ साली ते पुन्हा पडद्यावर आले. धडधाकट प्रती उपलब्ध असतानाही कारागिरांनी जळके मूळ पसंत केले, ह्यातच सर्व आले.

आपल्या देवळांत मूळ मूर्ती गाभाऱ्यात असते आणि उत्सवमूर्ती पालखीत बसून गावभर फिरते. पालखी सर्वांच्या दर्शनास जाते, तिला धूळ लागते, ऊन लागते. त्यात काही वावगे नाही. डीव्हीडी ही उत्सवमूर्ती आहे. ती अवश्य करावी, नातेवाइकांस द्यावी, उत्सवात दाखवावी. पण ज्या कॅसेटवरून वा फाइलीवरून ती केली ते मूळ गाभाऱ्यात राहू द्यावे, त्याची जशीच्या तशी दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवावी, आणि पुढे जे जे रूपांतर करावयाचे ते नेहमी त्या मुळावरूनच करावे. कॅसेट असेल तर विलंबही करू नये; ती वाचणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी होत आहेत.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणां मंडळींस ह्याची गरज अधिक आहे. बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस, हैदराबादेस, बेळगावास वा गोव्यात झालेल्या हौशी नाटकांची, कीर्तनांची, गाण्याच्या बैठकींची दुसरी नोंद बहुधा कोठेच नसते. घरातल्या कपाटातील ती एक कॅसेट हेच तिचे अभिलेखागार.

आमच्या सौभद्राची कॅसेट गेली ती गेलीच. उत्सवानंतर मी त्या २००६ च्या डीव्हीडीचा शोध घेतला. ती एका घरी देवांच्या पुस्तकांत सापडली, ओरखडे पडलेली. संगणकावर तीन वेळा लावल्यावर तिच्यातील अंक पुष्कळसे वाचता आले, आणि ते पुन्हा न आवळता तसेच उतरवून घेतले. चित्र व्हीएचएसचेच, मंद आणि थोडे पसरलेले. परंतु त्यात सुभद्रा ओळखू येते. तिच्या कन्येने ते पाहिले, आणि बोट ठेवून सांगितले, “ही आई.”